माळ, कडा आणि किनारा: शिकारी पक्ष्यांचे फोटो काढताना नेहमी पडणारे प्रश्न

घारी, ससाणे, गरुड, भोवते (गवतावरून बुटकं उडणारे हॅरियर), घुबडं यांचे फोटो काढू पाहणारा माणूस पहिला प्रश्न लेन्सचा विचारतो. थोडे दिवस उन्हातान्हात हिंडला की त्याचे प्रश्न बदलतात: पक्षी कुठे बसेल, कुठल्या दिशेला तोंड करेल, कधी उडेल? खालची उत्तरं या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांकडे झुकलेली आहेत. दख्खनचं माळरान, सह्याद्री आणि कोकणपट्टी एवढाच मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे.

सुरुवात कुठल्या पक्ष्यापासून करावी?

घारीपासून. मासळीबाजार, कचरा डेपो, शहरातला कुठलाही तलाव, ती सगळीकडे असते, माणसाला फारशी भीत नाही आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा गिरक्या घेते. चुकलेला फोटो लगेच पुन्हा काढता येईल असा दुसरा शिकारी पक्षी नाही. शिवाय गडद तपकिरी पक्षी आणि मागे पांढरंफटक आकाश, म्हणजे एक्स्पोजरचा सगळा धडा घराच्या गच्चीवरच शिकून होतो. ‘घारीचे काय फोटो काढायचे’ असं म्हणणाऱ्यांना उडत्या घारीचा डोळा स्पष्ट आलेला एक फोटो मागून बघावा.

त्यानंतर कापशी. शहराची हद्द संपली की विजेच्या तारेवर बसलेली राखी-पांढरी, लाल डोळ्यांची ही छोटी घार दिसतेच. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, त्यामुळे फोकस लावायला वेळ मिळतो. शिक्रा सोसायटीच्या बागेतही असतो, पण त्याचं काम क्षणाचं. खारी आणि बुलबुल एकदम कलकलाट करू लागले की झाडाच्या आतल्या फांदीवर शोधा.

बहिरी ससाण्यापासून सुरुवात करू नका. ताशी ३०० किलोमीटरच्या वर सूर मारणारा पक्षी नवख्या हाताला फक्त वैताग देतो.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मार्च हा खरा हंगाम. मध्य आशियातून आलेले पांढुरके भोवते, माँटेग्यूचे भोवते, दलदली भोवते, खरुच्या (केस्ट्रेल, हवेत एका जागी थांबणारे छोटे ससाणे) आणि मासे पकडणारे ऑस्प्रे याच काळात आपल्याकडे असतात. पिंगट गरुड, सापमार गरुड, बोनेलीचा गरुड, कापशी, शिक्रा ही मंडळी वर्षभराची.

नोव्हेंबरचे शेवटचे आठवडे अमूर ससाण्यांसाठी राखून ठेवावेत. रशियाचा अतिपूर्व भाग आणि ईशान्य चीनमधून निघून हे कबुतराएवढे ससाणे नागालँडमध्ये थांबतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातात. त्यांतले काही लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर थोडे दिवस टेकतात आणि हवेतल्या हवेत किडे पकडतात. नागालँडमधल्या पांगती गावाच्या परिसरात २०१२ साली यांची हजारोंनी कत्तल झाली होती. पुढच्याच वर्षी त्याच गावकऱ्यांनी शिकार पूर्ण थांबवली, आणि उपग्रह-टॅग लावलेल्या एका ससाण्याला त्या गावाचंच नाव मिळालं. लोणावळ्यात तारेवर बसलेला अमूर दिसला तर तो त्या वाटेने आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

ठिकाणं सांगा.

सगळ्यांना माहीत असलेलीच सांगतो, कारण बाकीची सांगायची नसतात. त्याबद्दल पुढे.

भिगवण, म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगाव आणि डिकसळ बाजूने स्थानिक मच्छीमार होडीतून फिरवतात. पाण्यातल्या वठलेल्या झाडांवर आणि खांबांवर ऑस्प्रे बसतो. लोक नोव्हेंबरपासून गर्दी करतात, पण शिकारी पक्ष्यांसाठी जानेवारीनंतरचे दिवस सरस. धरणाचं पाणी ओसरतं, चिखल उघडा पडतो, त्यावर चिखलपक्षी आणि बदकांचे थवे उतरतात, आणि त्यांच्यामागे दलदली भोवते आणि बहिरी ससाणे येतात. हजार पक्षी एकदम पाण्यावरून उठले की सगळे कॅमेरे थव्याकडे वळतात. तुम्ही थव्याच्या वर आणि मागे बघा.

इंदापूर, बारामतीचं गवताळ माळरान. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे. वाटाड्या सोबत असतो, गाडीचे रस्ते ठरलेले असतात. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी गाजलं. माळढोक आता तिथे दिसणं जवळपास संपलं, पण भोवते आणि गरुड येतात. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर गुजरातेतलं वेळावदर. संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरणाऱ्या भोवत्यांचे तिथले थवे जगातल्या मोठ्या थव्यांत गणले जातात.

आणि तुमच्या गावाबाहेरचा माळ. सरकारी दफ्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीने भरलेलं ताट असते: उंदीर, सरडे, चंडोल, नाकतोडे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचारा. कुठल्या बाभळीवर गरुड बसतो हे त्याला ठाऊक असतं, आणि मेंढरांच्या पायांतून उडणाऱ्या किड्यांसाठी भोवते कळपाच्या आजूबाजूला घिरट्या घालतात हेही तोच दाखवतो.

पहाटेच निघायला हवं का? गरुड तर दहानंतर उडतात.

प्रश्न बरोबर आहे. मोठे पक्षी तापलेल्या हवेच्या झोतावर तरंगतात, आणि हिवाळ्यात तो झोत साधारण नऊ-साडेनऊनंतर उठतो. तोवर गरुड झाडाच्या शेंड्यावर पंख फुगवून ऊन खात बसलेला असतो. अडचण अशी की ज्या उष्णतेने गरुड उचलला जातो तीच उष्णता तुमचा फोटो बिघडवते. जमिनीलगतची हवा थरथरू लागली की शंभर मीटरवरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. मग कितीही महागडी लेन्स लावा, पिसं सुटी दिसणार नाहीत. लोक लेन्स दुरुस्तीला नेतात, दोष हवेचा असतो.

म्हणून उजाडताना बसलेले पक्षी, आठ ते साडेनऊ उड्डाणं, आणि नंतर फक्त डोक्यावरून जाणारे पक्षी टिपावेत. वर बघताना हवेचा थरथरता थर मध्ये कमी येतो. दुपारी झोपा. चारनंतर पुन्हा बाहेर पडा.

थंडीतली आणखी एक मेख: बाहेर गार आणि गाडीत ऊब असेल तर खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा लेन्ससमोरच थरथरते. पोचण्याआधीच काचा खाली करा, हीटर बंद ठेवा. बॉनेटवरून फोटो काढू नका.

मला नेहमी पक्ष्याची पाठच मिळते. का?

कारण तुम्ही सूर्य बघून उभे राहता, वारा बघत नाही. या विषयातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित ज्ञान हेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतो आणि वाऱ्याच्या विरुद्धच उतरतो, कारण समोरचा वारा त्याला उचल देतो. बसलेलाही बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, नाहीतर पिसं उलटी होतात. हवेत थांबणारी खरुची किंवा कापशी तर वाऱ्याच्या दिशेला खिळ्याने ठोकल्यासारखी तोंड रोखून असते. तेव्हा वारा तुमच्या पाठीवर आणि सूर्यही पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजेडात असतो.

दख्खनवर हिवाळ्यात वारा बहुतेक वेळा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून येतो, सकाळचा सूर्यही पूर्वेला. म्हणजे हिवाळी सकाळी पक्ष्याच्या पूर्वेला राहा, दोन्ही गोष्टी जमतात. त्याच दिवशी संध्याकाळी सूर्य पश्चिमेला आणि वारा पूर्वेचाच राहिला, तर उजेडातला पक्षी पाठमोरा मिळतो. अशा वेळी सूर्य एका बाजूला घेऊन उभं राहायचं आणि पक्षी कुशीवर वळण्याची वाट पाहायची. वळताना त्याच्या पंखाचा खालचा भाग उजळतो आणि तो फोटो समोरून घेतलेल्यापेक्षा सरस ठरू शकतो.

पावसाळ्यात हिशेब उलटा. वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, त्यामुळे ढग फाटलेली संध्याकाळ उत्तम. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, तिथेही संध्याकाळच. चिमूटभर माती हवेत सोडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

लेन्स कोणती घेऊ?

४०० मिलिमीटरच्या खाली निराशा होते. १५०-६००, २००-६००, १८०-६०० अशा झूम लेन्स आज सगळ्याच मोठ्या कंपन्यांच्या आहेत आणि हौशी माणसाला त्या पुरतात. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ४०० ची लेन्स सुमारे ६०० सारखी वागते, त्यामुळे पैसे मोजून-मापून खर्च करायचे असतील तर जुनी क्रॉप बॉडी आणि १००-४०० हे जोडपं वाईट नाही. उडत्या पक्ष्यामागे तासभर हात वर धरून बघा आणि मगच वजनाचा निर्णय घ्या. पाच किलोची लेन्स घेऊन ती ट्रायपॉडवरच खिळवून ठेवणाऱ्याला भोवत्याचा एकही चांगला फोटो मिळत नाही, कारण भोवता गवताच्या उंचीवरून तिरका-वाकडा उडतो आणि पूर्वसूचना देत नाही.

वापरलेली लेन्स घेताना आत टॉर्च मारून बुरशी बघा. आपल्या पावसाळ्याची ही खास देणगी.

आणि सेटिंग?

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता), छिद्र एफ ६.३ च्या आसपास. उडणाऱ्यासाठी शटर १/२००० ते १/३२००, शिक्रा किंवा ससाणा असेल तर आणखी वर. भोवता संथ उडतो, त्याला १/१६०० चालतं. बसलेल्याला १/५००, पण पक्षी उडायच्या बेतात दिसला की शटर आधी वाढवा, मग वाट पाहा. फोकस सतत चालू राहणारा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर वापरा. उंच गवतात मात्र ती गवतावर अडकते, तिथे एका बिंदूचा जुना फोकसच बरा.

आयएसओला घाबरू नका. ३२०० वर दाणेदार आलेला फोटो दुरुस्त होतो, १/४०० वर हललेला होत नाही.

आकाशातली घार नुसती काळी का येते?

कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि सगळं चित्र काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायचं चाक, +१ ते +१.७ पर्यंत न्या. आकाश पांढरं झालं तर होऊ द्या, पोटावरची पिसं दिसली पाहिजेत. तोच पक्षी डोंगरउतारासमोरून खाली गेला की हे +१ लगेच जास्त होतं, म्हणून ते चाक बोटाखाली हवं. कापशी आणि पांढुरक्या भोवत्याच्या नराचं याच्या उलट: गडद पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी जळतो, तिथे -०.३ ते -०.७.

पायी जावं की गाडीतून?

माळावर गाडीतून. गाडी पक्ष्यांच्या ओळखीची वस्तू आहे, दोन पायांचा माणूस त्यांच्या मते फक्त संकट. जी खरुची गाडीला वीस मीटरवर सहन करते ती माणसाला शंभर मीटरवरूनच उठते. दार उघडलं की खेळ संपला.

थेट पक्ष्याकडे गाडी नेऊ नका, बाजूने तिरके जा, मध्ये थांबा. इंजिन बंद, नाहीतर थरथर फोटोत उतरते. खिडकीवर बीन बॅग ठेवा: जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवली आणि आत राजमा भरला की झालं. तांदळात पावसाळ्यात पोरकिडे होतात. गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवा. गवतात घातलेल्या चाकाखाली टिटवीची अंडी जातात, आणि पुढच्या वर्षी तिथे नवा रस्ता झालेला असतो.

मोटारसायकलवाल्यांनी एका जागी बसून राहावं. अंगावर मातकट चादर, बोराटीचा आडोसा, आणि पक्षी तुमच्याकडे येईपर्यंत धीर.

किती जवळ जाणं योग्य?

मीटरमध्ये उत्तर नाही. पक्ष्याचं वागणं हीच मोजपट्टी. तो पिसं साफ करतोय, एक पाय पोटात घेऊन उभा आहे, इकडेतिकडे बघतोय, म्हणजे ठीक. अंग आवळून उंच झाला, तुमच्याकडे टक लावून बघू लागला, मान वरखाली करू लागला, म्हणजे तुम्ही आधीच जास्त पुढे आलात. दोन पावलं मागे घ्या आणि थांबा.

माझं एक मत, पटलं तर घ्या: पक्षी थेट कॅमेऱ्यात रोखून बघतोय असे जे फोटो इंटरनेटवर वाहवा मिळवतात त्यांतले बरेचसे दचकलेल्या पक्ष्याचे असतात. ज्या फोटोत पक्षी आपल्या कामात आहे तो मला नेहमीच वरचा वाटतो.

उडणार हे आधी कळतं?

बहुतेक वेळा कळतं. बसल्या जागी शिटला की बोट शटरवर ठेवा. उड्डाणाआधी वजन हलकं करण्याची ही सवय जवळजवळ सगळ्या शिकारी पक्ष्यांना आहे. पुढे झुकणं, पाय किंचित दुमडणं, पंख खांद्यापासून जरा सुटणं ही पुढची पायरी. फ्रेममध्ये पक्ष्याच्या पुढे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला, जागा सोडून ठेवा आणि थोडं झूम मागे घ्या. पंख कापलेले फोटो सगळे या एका आळसातून येतात.

उंदीर किंवा कोंबडीचे तुकडे ठेवून बोलावलं तर काय बिघडलं?

कायद्याने बिघडलं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं, पकडणं, सापळा लावणं यांच्याबरोबर हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. म्हणजे बंदुकीऐवजी हातात कॅमेरा होता ही सबब भक्कम नाही.

पक्ष्याचंही बिघडतं. आमिष बहुधा रस्त्याकडेला, गाडीजवळ टाकलं जातं. पक्षी माणसाला आणि गाडीला सोकावतो आणि एक दिवस चाकाखाली येतो किंवा भलत्या माणसाच्या हाती लागतो. दुकानातून आणलेला उंदीर कुठले रोग घेऊन येतो कोण जाणे. मांडव्याच्या बोटीवरून कुरव पक्ष्यांना फरसाण टाकणारे निदान हौसेचे पर्यटक असतात. निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्याने तेच करावं याची गंमत वाटते.

शिवाय लपत नाही. माळावर पांढराशुभ्र उंदीर नसतो, आणि कुठल्याही स्पर्धेच्या परीक्षकाला ते दिसतं.

घरट्याचे फोटो काढू का?

नाही. त्याच व्याख्येत जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही मोडतं. कारणही साधं आहे: गरुडाची मादी उठली की उन्हात पिल्लू काही मिनिटांत तापतं, आणि कावळे टपलेले असतात. पिंगट गरुड बाभळीच्या शेंड्यावर, बोनेलीचा गरुड कड्यावर किंवा मोठ्या झाडावर हिवाळ्यात घरटं करतो, शिक्रा उन्हाळ्यात. काटक्या घेऊन जाणारा पक्षी दिसला की त्याच्या मागे न जाता उलट दिशेला निघावं. भोवते आपल्याकडे घरटी करत नाहीत, पण संध्याकाळी जमिनीवर गवतात एकत्र मुक्काम करतात. त्या गवतात शिरणं घरट्यात शिरण्याइतकंच वाईट.

घुबडांचे फोटो रात्री फ्लॅश मारून काढतात ना?

काढतात, आणि त्यानंतर काही वेळ ते घुबड नीट शिकार करू शकत नाही. गरज नसते. पिंगळा दिवसाढवळ्या ढोलीच्या तोंडाशी बसतो. शृंगी घुबड ओढ्याकाठच्या दरडीत किंवा जुन्या खाणीत राहतं, सूर्य मावळताच उघड्यावर येऊन बसतं. तेवढ्या संधिप्रकाशात आजचे कॅमेरे फोटो देतात. या घुबडाची जागा दिवाळीच्या आसपास तर मुळीच सांगू नका. अमावास्येच्या जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे आजही आहेत.

वनपिंगळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. १८८४ नंतर या घुबडाचा ठोस पुरावा मिळाला नव्हता, आणि १९९७ साली नंदुरबार भागात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो पुन्हा सापडला. पुढे मेळघाट, यावल, तानसा इथेही त्याच्या नोंदी झाल्या. हा दिवसा वावरतो, त्यामुळे फोटोला सोपा, आणि म्हणूनच धोक्यात. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की तो परका नर आला असं समजून आपलं क्षेत्र राखायला धावत येतो. एका सकाळी चार गटांनी चारदा तेच केलं की त्याचा शिकारीचा वेळ संपला. आवाज वाजवून मिळालेल्या फोटोत घुबड बहुधा गळा फुगवून ओरडतंय, ओळखणारे ओळखतात.

गिधाडं कुठे मिळतील?

‘मिळतील’ असं म्हणण्याचे दिवस गेले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं तोवर बहुतेक पक्षी संपले होते. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळचं चिरगाव आणि नाशिककडचे काही कडे इथे ती टिकून आहेत ती स्थानिकांनी राखली म्हणून. तिथे जायचंच असेल तर आधी काम करणाऱ्या मंडळींशी बोला, ते सांगतील तिथेच उभे राहा. घरट्यांच्या दिवसांत ते नको म्हणाले तर नको.

गडावरून फोटो चांगले येतात असं ऐकलं.

फार चांगले, आणि याबद्दल बोलावं तितकं थोडं. इतरत्र आपण खाली आणि पक्षी वर, त्यामुळे पोटाचे फोटो. कड्याच्या काठावर बसलं की पक्षी डोळ्यांच्या पातळीवर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि पंखांची वरची बाजू दिसते, मागे दरीची निळी सावली. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रायगडाची टकमक, राजमाची, अगदी गर्दीचा सिंहगडसुद्धा. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर खरुची पंख न हलवता तटबंदीसमोर लटकते. शाहीन ससाणा, बहिरी ससाण्याचा इथलाच भाऊबंद, याच कड्यांचा रहिवासी. सर्पगरुड आधी ऐकू येतो, त्याची लांब शीळ दरीतून वर येते, मग तो दिसतो.

काठापासून मागे, पालथं पडून फोटो काढा. डोळा कॅमेऱ्याला आणि पाऊल मागे, अशा स्थितीत कड्यावर उभं राहायचं नाही. सोबतच्या एकाने फक्त तुमच्याकडे बघायचं.

कोकणात समुद्री गरुड कसा टिपायचा?

पांढऱ्या पोटाचा हा गरुड हर्णै, आंजर्ले, वेळास या पट्ट्यात किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर वर्षानुवर्षं एकच घरटं वापरतो, दरवर्षी त्यात काटक्यांची भर घालतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या घरट्यांची नोंद आणि राखण यासाठी बरंच काम केलं आहे. घरट्याच्या झाडाखाली न जाता खाडीच्या तोंडाशी बसा. गरुड मासा किंवा समुद्रसाप घेऊन ठरलेल्या वाटेने परततो, आणि सकाळ-संध्याकाळ ती वाट फारशी बदलत नाही. मासळी उतरवणाऱ्या बंदरावर ब्राह्मणी घारींची झुंबड असते; तपकिरी पिसाऱ्यातली तरुण घार बघून तिला भलताच गरुड समजू नका.

परवानगी लागते?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात लागते, आणि फोटोग्राफी अधिवासात बदल न करता, त्याला किंवा वन्यजीवांना इजा न होता करायची अशी अट कायद्यातच आहे. फोटोच्या आड येणारी फांदी तोडणं हाही त्यामुळे गुन्हाच. राखीव वनातही आधी वनरक्षकाला भेटा. खासगी शेतात मालकाला विचारा. बहुतेक वेळा चहा मिळतो.

ड्रोन नको. वनक्षेत्रात परवानगीशिवाय चालत नाहीच, आणि गरुड त्याला आपल्या हद्दीत घुसलेला पक्षी समजून झडप घालतो. पंख्याच्या पात्याने कापलेलं पाऊल पुन्हा येत नाही.

फोटो आला, पण ओळख पटत नाही.

शिकारी पक्ष्यांत हे चालायचंच. नर, मादी, पिल्लू, दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, प्रत्येकाचा वेष निराळा. डोळ्याच्या रंगापेक्षा पंखाची खालची बाजू, शेपटीचे पट्टे आणि पंखाच्या टोकाची सुटी ‘बोटं’ यावर ओळख ठरते, म्हणून देखणा नसला तरी खालून काढलेला एक पूर्ण पंखांचा फोटो जपून ठेवा. माँटेग्यूची आणि पांढुरक्या भोवत्याची मादी यांत जुनेजाणतेही अडखळतात. गालामागे फिकट गळपट्टी ठळक दिसली तर पांढुरका असण्याची शक्यता जास्त. नुसतं ‘भोवता, मादी’ असं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

फोटोसोबत जागा लिहावी?

तालुका पुरे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा, तिथे काही संवेदनशील जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. मोबाइलने काढलेल्या फोटोत मात्र अक्षांश-रेखांश लपलेले असतात, ते काढून मगच ग्रुपवर टाका. एका रविवारी एका बाभळीखाली आठ गाड्या उभ्या राहिल्या की पुढच्या रविवारी त्या बाभळीवर काही नसतं.

पावसाळ्यात कॅमेरा काढू की कपाटात ठेवू?

काढा. ओली कापशी पंख पसरून वाळवत बसते, मागे हिरवा माळ, उजेड मऊ. लेन्सला रेनकव्हर, खिशात सुती रुमाल. घरी आल्यावर पिशवी उघडी ठेवा आणि कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली तर बुरशी धरत नाही.

एडिटिंग किती करावं?

उजेड, रंग, कातरणी, दाणे कमी करणं, इतपत. आकाश बदललं, तार पुसली किंवा चोचीत मासा बसवला तर ते चित्र झालं. छान असेल, पण तसं लिहा. विजेची तार तर मी मुद्दाम ठेवतो. माळावरची अर्धी कापशी तारेवरच राहते.

फोटो काढताना जखमी पक्षी सापडला तर?

जानेवारीत, संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, हे फार होतं. नायलॉन मांजावर बंदी असूनही घारी त्यात अडकतात. पक्ष्यावर टॉवेल टाकून डोळे झाका, नख्यांपासून हात सांभाळून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका, मांजा ओढून काढू नका. पंखात रुतलेला दोरा ओढला की स्नायू कापतो. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन लावा आणि पक्षी ताब्यात देईपर्यंत खोक्याभोवती गर्दी जमू देऊ नका.